परक्या घरचं विरजण

लोकांच्या तोंडातल्या वस्तू हाताळून मी पोट भरतो, त्यामुळे मला कशाचीच किळस येत नसेल असं लोकांना वाटतं. साफ चूक. मी कवळ्या बनवतो. कोकुरा स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझी एका खोलीची कार्यशाळा आहे. दवाखान्यांतून साचे येतात, मी त्यांत प्लास्टर ओततो, दात बसवतो, घासूनपुसून परत पाठवतो. तोंडाबाहेर आलेला दात ही माझ्या लेखी कोरडी, स्वच्छ, शहाणी वस्तू आहे. किळस येते ती ओल्या, मऊ, आंबत राहणाऱ्या गोष्टींची. आणि माझं लग्न झालं ते नेमकं अशा घरात, जिथून रुखवतात कोंड्याचं मडकं आलं.

भाताचा कोंडा, मीठ, पाणी, मिरची. त्यात काकडी, मुळा, वांगी पुरायची आणि दुसऱ्या दिवशी धुऊन खायची. कोंडा रोज उघड्या हाताने तळापासून ढवळावा लागतो, नाहीतर मरतो. माझी बायको हात्सुए हिचं मडकं तिच्या आजीकडून आलेलं. बांगडा शिजवतानाही तिला त्यातलाच मूठभर कोंडा लागतो. "माझ्या आजीचा हात आहे यात," असं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, आणि नेमकं तेच ऐकून माझा घास घशात अडकायचा.

माझा विरंगुळा त्यामानाने निरुपद्रवी होता. मी लोकांचे ब्लॉग शोधतो. जाहिराती असलेले, नावाजलेले नव्हेत. एकट्या माणसाने स्वतःच्या खुळापायी चालवलेले, ज्यांवर शेवटची प्रतिक्रिया कधीची आहे हे कुणालाच आठवत नाही असे. मात्सुयामातली एक बाई गावोगावच्या भोंग्यांवर संध्याकाळी वाजणारी धून टिपून ठेवते. एक निवृत्त टपालवाला बसथांब्यांवर लोकांनी घरून आणून ठेवलेल्या खुर्च्यांचे फोटो काढतो. एक जण फक्त रस्त्याच्या वळणांवरच्या गोल आरशांबद्दल लिहितो, आणि काय सुंदर लिहितो! एकातून दुसऱ्याचा पत्ता मिळतो, दुसऱ्यातून तिसऱ्याचा. सापडलेल्यांची नावं मी माझ्या स्वतःच्या ब्लॉगच्या पानावर, यादीत लावतो. हात्सुए चिडवायची, "तुमच्या बिनचेहऱ्याच्या मित्रांचं काय चाललंय? आज कुणाचा आरसा फुटला?"

'रोजचं ढवळणं' नावाचा ब्लॉग मला त्या खुर्चीवाल्याच्या पानावरून सापडला. पांढरं पान, लेखकाचं नाव नाही. रोज एक फोटो आणि त्याखाली एक ओळ. फोटोत काळसर लाकडी मेजावर पांढरी बशी, बशीत कोंड्यातून काढलेली काकडी किंवा मुळा, आणि त्याचा एक घास तोडलेला. तोडलेली जागा ओली, चकाकणारी. खाली लिहिलेलं असायचं, 'आज आंबटपणा बरा.' किंवा, 'आज थोडं कडू.' बस्स.

उष्ट्या काकडीचा फोटो जगाला दाखवणारा माणूस मला पाहताक्षणी ओंगळ वाटला. पण खूळ अस्सल होतं, म्हणून नाक मुरडत मी तोही ब्लॉग माझ्या पानावर लावला.

ऑगस्टात, म्हणजे आमच्या इथल्या ऐन उन्हाळ्यात, हात्सुएचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असताना मडकं माझ्या गळ्यात पडलं. मी ते रोज ढवळलं, माझे कामाचे रबरी हातमोजे घालून. ती घरी आली, तोवर कोंडा काळा पडून त्याला रंगाच्या डब्यासारखा वास सुटला होता. मी म्हणालो, उन्हाळा यंदा भयंकर होता. ती म्हणाली, हातमोज्यांनी मारलं. अजूनही मी उन्हाळ्यावरच ठाम आहे.

ती रडली नाही. वरचा सडका थर काढून तळाचा थोडा कोंडा तिने बाजूला ठेवला आणि म्हणाली, "यात अजून जीव असेल. कुणाकडून तरी चांगलं विरजण मिळालं पाहिजे."

"बाजारात मिळतं की."

"पाकिटातलं? त्यापेक्षा मी मेलेलं बरं." मग तिनेच विचारलं, "तुमचा तो उष्ट्या काकड्यांचा मित्र देईल का हो?"

आमच्याकडे विरजण मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. मी त्या ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं नाही, पण आठवडाभरात घरी पुडा आला. पाठवणाऱ्याचा पत्ता पावसाने धुऊन निघाल्यासारखा पुसट. मी आमचा पत्ता त्याला कळवला होता की नाही, हे तेव्हा तपासायचं मला सुचलं नाही.

आत मुठीएवढा कोंडा होता. पिवळाधमक आणि कोमट. हात्सुएने रीतीप्रमाणे बोटाच्या टोकावर घेऊन तो कच्चाच चाटला आणि डोळे मिटले. "अहो, हे फार जुनं आहे." मग तिने तो आजीच्या उरलेल्या कोंड्यात कालवला.

मडकं पुन्हा जिवंत झालं. हात्सुएही झाली, ऑपरेशन विसरून कामाला लागली. काकड्या मात्र मला गिळवेनात. दातांखाली त्या कुरकुरीत लागायच्या आणि मग तोंडात आपोआप मऊ व्हायच्या, कुणीतरी आधीच चावून दिल्यासारख्या. मी घास रुमालात काढून फेकायचो.

सप्टेंबरात एका दुपारी कार्यशाळेत चहा पिताना मी ब्लॉग उघडला. काकडी, बशी, ओला घास. खाली ओळ: 'नवीन पाहुणी. दात चांगले आहेत.'

चावल्याची खूण मी सहज पाहत नाही. मला ती वाचायची सवयच आहे. वरचा डावा दुसरा दात सुळ्याच्या मागे दडलेला होता. मधल्या दाताशेजारी उजवीकडे फट. असे दात मी एकाच माणसाचे पाहिलेत. हात्सुए झोपेत दात खाते म्हणून रात्री दातांवर चढवायची तिच्या मापाची पट्टी मी बनवली होती आणि तिच्या दातांचा प्लास्टरचा साचा माझ्या फळीवर होता. मी बाजारातून काकडी आणली. साचा त्यात दाबला. फोटो मोठा करून शेजारी धरला.

तंतोतंत.

ती काकडी हात्सुएने खाल्ली नव्हती. आमचं मेज पांढऱ्या पत्र्याचं आहे, तशी बशीही आमच्याकडे नाही, आणि ती सगळा दिवस घरीच होती. मी उरलेला चहा मोरीत ओतून दिला. माझ्या बायकोचं तोंड कुणीतरी परस्पर वापरत होतं, याहून नेमकं मला सांगता येत नाही.

मग मी ब्लॉगची जुनी पानं चाळली. आजवर मी फक्त खालच्या ओळी वाचल्या होत्या. या वेळी चावे वाचले. ते एका माणसाचे नव्हते. काही महिने एक तोंड, मग दुसरं. प्रत्येक तोंड सुरुवातीला भरलेलं. मग एक दात कमी, मग समोरचे दोन, मग कडेचे. शेवटी खुणाच नाहीत, नुसती चोखून चोखून पांढरी पडलेली, लाळेने लडबडलेली काकडी. तसे काही फोटो, आणि मग ओळ: 'विरजण दिलं.' दुसऱ्या दिवशी नवं तोंड.

घरी आलो तेव्हा हात्सुए वांगी पुरत होती. कोपरापर्यंत हात आत. "ते मडकं फेकायचं," मी म्हणालो.

"कशाला?"

मी तिला फोटो दाखवले. तिने चष्मा वर करून पाहिले. "काकडीत काय हो ओळखता येतंय? दिवसभर लोकांचे दात बघून तुमचं डोकं फिरलंय."

"हात्सुए, हे तुझे दात आहेत."

"माझे दात माझ्या तोंडात आहेत." तिने दात विचकून दाखवले. हिरड्या फिक्या होत्या, धुतल्यासारख्या. "आणि आजी आहे यात. आता वेगळी काढून देता तुम्ही? द्या काढून, मग उरलेलं फेका."

मी फोन खिशात घातला.

तीन-चार दिवसांनी जेवताना तिने तोंडातून काहीतरी काढून ताटलीच्या कडेला ठेवलं. मला वाटलं, माशाचा काटा. सुळ्यामागचा तो दडलेला दात होता. रक्ताचा थेंब नाही. मूळ स्वच्छ, गुळगुळीत.

"दुखलं?"

"छे." तिने भाताचा पुढचा घास घेतला.

ब्लॉगवर त्या दिवशीच्या मुळ्यात त्या दाताची खूण नव्हती.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी मडक्याचं झाकण काढलं. आंबूस, गोडसर वास, आजाऱ्याच्या उशीला येतो तसा. बाही सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा उघडा हात आत घातला.

कोंडा गरम होता. वर गार, आत गरम.

बोटं खाली गेली तसा तो बोटांभोवती आवळला. सैल झाला. पुन्हा आवळला.

तो चोखत होता.

मी हात उपसला. मुठीत काहीतरी कडक आलं होतं. नळाखाली धुतलं. दाढ होती, हात्सुएची नव्हे. तिच्यात भरलेला धातू मी शिकाऊ असतानाच कालबाह्य झाला होता.

मी ओरडलो असेन, कारण हात्सुए ओल्या केसांनीच बाहेर आली. तिने दाढ माझ्या हातातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि शांतपणे कोंड्यात परत दाबली.

"असू दे. वांग्याला रंग यावा म्हणून कोंड्यात लोखंडाचे खिळे घालतोच की आपण."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येण्याच्या वेळी मी मडकं नगरपालिकेच्या पिशवीत रिकामं केलं, पिशवीवर पिशवी घातली आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिलो. मडकं हातोडीने फोडलं. हात्सुए ओट्याशी बसून स्वतःच्या उजव्या हाताचा वास घेत होती. "आजीला कचऱ्यात टाकलंत," एवढंच म्हणाली, आणि मग माझ्याशी बोलणं बंद.

मला त्याचंही वाईट वाटलं नाही. तिच्या हिरड्या हळूहळू लाल झाल्या. दुसरा दात हलला नाही. ब्लॉगवर आता अख्खी, न चावलेली काकडी दिसायची, आणि खाली, 'वाट पाहतो आहे.' मग तीही येईनाशी झाली. मी ते पान माझ्या यादीतून काढून टाकलं. बायको अबोल का होईना, अख्खी उरली होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमची मुलगी चितोसे फुकुओकाहून आली, सहा वर्षांच्या फुमिनोला घेऊन. आईचा अबोला तिला फोनवरून कळला होता. हात्सुए तिच्यापुढे मन मोकळं करून रडली.

"बाबा, तुम्ही पण कमाल करता," चितोसे मला म्हणाली. मग आईच्या पाठीवरून हात फिरवत, "अगं रडतेस काय वेड्यासारखी? मागच्या महिन्यात तू मला यातलंच डबाभर विरजण दिलं होतंस ना? मी रोज ढवळते. तुझी आजी माझ्या फ्रिजमध्ये अगदी मजेत आहे."

हात्सुए हसली. कितीतरी दिवसांनी.

"कुणी खाल्लं ते?" मी विचारलं.

"हिने! भाजीला शिवत नव्हती कार्टी, आता जेवणात दुसरं काही नको." चितोसेने लेकीची हनुवटी वर केली. "आजोबांना गंमत दाखव बघू."

फुमिनोने जिभेने समोरचा खालचा दात पुढे ढकलून दाखवला. तो सैल झाला होता. या वयात होतोच. हात्सुए आणि चितोसे टाळ्या वाजवून हसल्या.

मी बाहेर अंगणात गेलो आणि फोनवर ब्लॉग उघडला. नवा फोटो होता. काळसर मेज, पांढरी बशी. काकडी उभी, पातळ चिरलेली. एका टोकाला तांदळाच्या दाण्यांएवढ्या खुणा.

खाली ओळ होती: 'दुधाचे दात. पहिल्यांदाच.'