सरांचा शिट्टीचा इलाज

"या गाद्यांना पायमोज्यांचा वास येतोय," लंबू कुरकुरला.

"मग नाक घरी ठेवून यायचं," चष्मिस म्हणाली.

"गप बसा दोघं," तायडी दटावून म्हणाली.

व्यायामशाळेच्या कोपऱ्यातल्या गाद्यांमागे तिघं अंग चोरून बसली होती. सुट्टीतल्या शिबिरातून तायडीचा धाकटा भाऊ बाळ्या रोज नवे वळ घेऊन घरी यायचा. बाळ्या स्वमग्न होता. बोलायचा नाही; हवं ते चित्रांच्या कार्डांनी सांगायचा. गोंगाट सोसत नाही म्हणून आवाज अडवणारे हेडफोन घालायचा. "स्वतःच आपटून घेतो," शिबिराच्या सरांनी आईला सांगितलं होतं. "उद्यापासून हात बांधावे लागतील." आईनं मुकाट्यानं मान हलवली. तायडीचं मात्र पित्त खवळलं. वळ बोटांचे होते आणि दोन्ही दंडांच्या मागे होते. स्वतःचे दंड मागून असे कोण आवळतं? म्हणून आज ती दोघा दोस्तांना घेऊन पाळतीवर बसली होती.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली. सरांनी बाळ्याला एकट्याला थांबवलं.

"पुरे झाले लाड," म्हणत त्यांनी हेडफोन ओरबाडून फेकले आणि त्याच्या कानाशी शिट्टी फुंकली. गोंगाटाची सवय लागली की मूल सुधारतं, असं या दीडशहाण्यानं स्वतःच ठरवलं होतं. बाळ्या किंचाळला, भिंतीवर डोकं आपटू लागला. सरांनी मागून त्याचे दंड पकडले, त्याला पालथा पाडला आणि पाठीवर गुडघा रोवला. बाळ्याच्या नाकातून रक्त आलं.

तायडीला पुढचं काही सुचलं नाही. तिनं धावत जाऊन सरांच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. सरांनी कोपर हाणलं. तायडीचा ओठ फुटला, ती फरशीवर घसरत गेली. पण हेडफोन तिथंच पडले होते. ते उचलून ती रांगत बाळ्याकडे आली आणि तिनं ते त्याच्या कानांवर घट्ट बसवले.

"लंबू, भोंगा लाव!"

सामना संपल्यावर वाजणाऱ्या भोंग्याचं बटण उंचावर होतं. लंबूनं उडी मारून ते दाबलं. भिंती हादरल्या. सर कान झाकून ओरडले, "बंद कर, डोकं फुटतंय माझं!"

"सवय होईल, सर," चष्मिस ओरडली.

सरांनी लंबूची मानगूट धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. पुन्हा आदळलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. भोंगा ऐकून मोठ्या बाई, रखवालदार आणि बाळ्याचा डबा घेऊन आलेली आई धावत आली होती. बाईंनी भोंगा बंद केला. सरांची मूठ अजून लंबूच्या कॉलरवरच होती. रखवालदारानं ती सोडवली आणि सरांना बखोट धरून बाहेर नेलं. बाईंनी पोलिसांना फोन लावला.

आई बाळ्याकडे झेपावली. तायडी आडवी आली.

"आई, आत्ता त्याला हात लावू नकोस."

तिनं त्याच्या दप्तरातलं वाळूचं घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवलं. "वाळू संपेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही."

मोठ्या बाई निमूटपणे फरशीवर मांडी घालून बसल्या. आई डोळे पुसत शेजारी टेकली.

"शाब्बास, पोरांनो," बाई अगदी हळू म्हणाल्या. "हे आम्हाला दिसायला हवं होतं. दाखवलंत तुम्ही. चूक आमची."

वाळू संपली. आई हळूच पुढे सरकली. बाळ्यानं घड्याळ उचललं, उलटं केलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

आई परत जागेवर जाऊन बसली.