खांद्यावरची ठिपकी

दाजींना शोधून आणायचं होतं आणि तेही अंधार पडायच्या आत! काळ्या पठाराच्या कड्यांवर रानमधाची पोळी लागतात, ती काढायला दाजी एकटेच जात. या खेपेला ते कालच परतायला हवे होते. त्यांच्याजवळचं पाणी एव्हाना संपलं असणार, असं त्यांची बायको, ताई, तोंडानं म्हणाली नाही. पण पिशवीत ती ज्या तऱ्हेनं बाटल्या कोंबत होती, त्यावरून तिच्या धाकट्या भावाला ते कळलं. हा भाऊ शिकारी होता. त्याची कुत्री ठिपकी तपकिरी ठिपक्यांची, लांब कानांची आणि नाकाची भलतीच तिखट. दाजींचा मळका सदरा तिनं एकदाच हुंगला आणि दोरी ताणून चालू लागली.

पठार म्हणजे कधीकाळी वितळून गोठलेला दगड. फुटलेल्या काचेसारख्या त्याच्या कडा, त्यात ऊन वर येईल तसा तो तापत गेलेला. माणसांच्या जाड तळव्यांच्या बुटांनासुद्धा चिरा पडत होत्या. ठिपकी मात्र नाक खाली घालून धावत होती. मध्ये थांबून तिचे पंजे पाहायला हवेत, हे शिकाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पण मागून ताईचा श्वास ऐकू येत होता आणि त्याच्या तोंडून "थांबूया" निघेना.

मग त्याला दगडावर लाल ठिपका दिसला. पुढे आणखी एक!

"ठिपके! थांब!"

ती थांबली, शेपटीही हलवली. लंगडणं नाही की कुंईकुंई नाही. वासामागे लागलेल्या कुत्रीला दुखणं कुठलं कळायला! त्यानं तिचा पुढचा पंजा उचलून पाहिला. पंजाची गादी फाटून कातडीचा तुकडा लोंबत होता. आत दगडाची कपची रुतली होती. मागच्या पायांचीही साल निघाली होती.

"माझंच चुकलं गं," तो तिच्या कानाशी म्हणाला.

ताईनं उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं जखम धुतली, चिमट्यानं कपची काढली, बोटांच्या मधे कापूस ठेवला आणि पट्टी गुंडाळली. मधली दोन नखं त्यानं बाहेर ठेवली. ती फाकायला लागली की पट्टी घट्ट झाली, असं समजायचं. ठिपकी त्याचं मनगट चाटत राहिली.

मग ताईनं पिशवीतून चार इवलेसे चामडी बूट काढले. ती बूट शिवायची. हे तिनं मागेच शिवून दिले होते आणि "शिकारी कुत्रीला बूट? लोक हसतील!" म्हणून भावानं परत केले होते. आता त्यानं मुकाट्यानं घातले. पण थोडं चालल्यावर कोरं चामडं टाचेवर घासू लागलं, कातडी लाल झाली.

"घरी रोज थोडा वेळ घालून सवय करायला हवी होती," तो म्हणाला.

"आणि मी चामडं मऊ करायला हवं होतं. आता उचल तिला."

शिकारी कुत्र्याला उचलायचं नाही, असा त्यांच्यात दंडकच होता. एकदा उचललेलं कुत्रं बिघडतं, पुन्हा जमिनीला नाक लावत नाही, असं सगळे शिकारी मानत.

"बाबांनी कधी उचललं नाही, ताई."

"बाबांनी तुला तरी कुठे उचललं? बिघडलास तो बिघडलासच!" ताई म्हणाली. मग तिनं पुढे हात दाखवला. "अरे, ते तिथे पडलेत आणि ही इथे रक्ताळतेय. मला दोघंही हवीत."

त्यानं ठिपकीला खांद्यावर घेतलं.

वाट फुटली की तो वाकायचा आणि पंजे टेकू न देता तिचं नाक जमिनीपाशी न्यायचा. ती हुंगायची, मान वळवायची. पुन्हा खांद्यावर! घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते. तिचं काळीज त्याच्या मानेवर धडधडत होतं. पुढे उघडा कातळ लागला. नाक तीनदा खाली नेलं, तीनदा ती गोंधळून बघत राहिली. वास तुटला होता! ताई मटकन खाली बसली.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. खांद्यावरून ठिपकीनं मान उंच केली. नाकपुड्या थरथरल्या. आणि ती भुंकली! उजवीकडे! तो धावला. समोर भेग आली, खोल, पुरुषभर रुंद. त्यानं तिचे पाय छातीशी आवळले. उडी! गुडघा फुटला, पण ठिपकी सुखरूप! पलीकडच्या कपारीतून घोगरा आवाज आला, "कोण आहे रे?"

ताई वळसा घालून पोचेपर्यंत शिकाऱ्यानं दाजींना सावलीत ओढलं होतं. त्यांचा घोटा सुजून भोपळा झाला होता, ओठ फुटले होते. ताईनं त्यांना घोट घोट पाणी पाजलं आणि नवऱ्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. मग ती त्याच पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. दाजींनी ओंजळ पुढे केली, पाणी घेतलं आणि ठिपकीपुढे धरलं.

दाजी त्यांच्या मध काढायच्या काठीवर आणि ताईच्या खांद्यावर रेलून उतरले. मध तिथेच राहिला. खाली झाडांच्या सावलीत पोचल्यावर शिकाऱ्यानं आधी पट्टी सोडली. नखं जागच्या जागी होती, पण गादी भरून यायला बराच काळ जाणार होता.

"पुढच्या आठवड्यात शिकारीचा हंगाम ना रे तुझा?" दाजींनी विचारलं.

"गेला तो."

"मग तू करणार काय?"

ठिपकी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. त्यानं उरलेलं पाणी तिच्या पंजावर हळूहळू ओतलं.

"हिचे पाय धुणार," तो म्हणाला.