निघताना राहिलेली हाक

"परक्या जागेतून उठताना लेकराला नावानं हाक मारून घेत जा, मंजे. न्हाई तर ते तिथंच रमतंय."

उदगीरहून अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, फोनवर हे सांगितलं, तेव्हा मंजुश्री खळखळून हसली होती. "अव्वा, तुझी भुतं व्हिसा काढून न्यूझीलंडला येणारायत का?"

ही कुणाच्या मित्राच्या मित्राची गोष्ट नाही. मंजुश्री माझी सख्खी मोठी बहीण. मलाही लहान लेकरू आहे, असल्या बाबतीत खोटं लिहायला हात धजणार नाही.

१६ जून २०२४. रविवार, दुपारचे तीन. तिकडं तेव्हा हिवाळा, कडक थंडी.

मंजुश्रीला तिथं जाऊन तीनच महिने झाले होते. ओळख म्हणावी तर शेजारच्या मार्गारेटबाईंची. त्या गावातल्या गायनमंडळात गायच्या. सगळी हौशी माणसं. पोस्टातली बाई, बेकरीवाला, एक म्हातारी नर्स. "ये की ऐकायला," म्हणाल्या, म्हणून मंजुश्री नवऱ्याला आणि तीन वर्षांच्या शिवांशला घेऊन गेली.

शिवांश म्हणजे दिवसभर गुणगुणणारं पोर. जेवताना, झोपताना, रडतानासुद्धा.

त्या दिवशी मात्र दुसऱ्या गाण्यालाच तो मांडीवर झोपला.

शेवटचं गाणं संपलं. सगळे थांबले.

एक आवाज थांबला नाही...

बारीक. लहान मुलाचा.

पुढच्या रांगेतल्या मार्गारेटबाईंनी आपल्या शेजारी खाली पाहिलं. कमरेएवढ्या उंचीवर. आणि हळूच बाजूला सरकल्या... कुणाला तरी जागा करून द्यावी तशा.

तिथं कुणीच नव्हतं.

टाळ्या झाल्या. मंजुश्रीनं झोपलेल्या शिवांशला तसंच उचललं आणि गाडीत घातलं.

त्यानंतर तो गुणगुणला नाही.

एक शब्दही बोलला नाही. नावानं बोलावलं की दुसरीकडं बघायचा. जणू ते नाव भलत्याच कुणाचं आहे.

मंजुश्रीनं कार्यक्रमाचा व्हिडिओ उदगीरला पाठवला होता. अव्वाचा लगेच फोन आला. "मंजे, शिवू काय गाऊन राहिलाय गं! पण त्याला पुढं एकट्याला कशाला उभं केलीस?"

"अव्वा... तो माझ्या मांडीवर होता."

पलीकडं अव्वानं तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

दिवाळीला मंजुश्री त्याला घेऊन आली. लातूरच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला. सगळं ठीक. घरी आल्यावर अव्वानं एकच विचारलं.

"निघताना हाक मारली होतीस का?"

"झोपला होता गं. उठंल म्हणून..."

"उठावं म्हणूनच मारायची असती, बाई!"

"यांनी परत जाऊन मारली होती. काहीच झालं न्हाई."

"पोटात असताना त्यानं कुणाचा आवाज ऐकला? तूच जा."

शिवांशला आमच्यापाशी ठेवून मंजुश्री एकटी परत गेली. विमानतळावर मी तिला म्हणाले, "अक्का, नुसती हाक मारायला कुणी एवढं लांब जातं का?" ती म्हणाली, "पुनम, तुझ्या लेकराचं असं झालं असतं तर तू चालत गेली असतीस."

२४ नोव्हेंबर, रविवार. इथं सकाळचे साडेआठ. तिथं गायनमंडळाचा सराव सुरू होता. तिनं व्हिडिओ कॉल लावला. इकडं अव्वा आणि मी. शिवांश उंबऱ्यात वाटीशी खेळत होता.

"शिवांश, चल बाळा, घरी चल."

काही नाही.

"शिवांश, चल बाळा..."

स्क्रीनवर सगळी रांग गाता गाता थांबली. सगळे एकदम मंजुश्रीकडं बघायला लागले.

तिनं तिसरी हाक मारली.

मार्गारेटबाई परत आपल्या जागी सरकल्या... त्यांच्या शेजारची मोकळी जागा भरून निघाली.

उंबऱ्यातून आवाज आला. शिवांश गुणगुणत होता. मग आमच्याकडं वळून स्वच्छ म्हणाला, "भूक लागली."

अव्वानं त्याला छातीशी धरलं. मी रडत होते. स्क्रीनवर मंजुश्रीही रडत होती. ती दाराकडं वळली...

आणि फोन बंद झाला. निघताना तिला नावानं हाक मारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आज महिना झाला. शिवांश दिवसभर बडबडतो. पण आईचा फोटो दाखवला की विचारतो, "ही कोण?"

दाजी सांगायचे, ती जेवते, कामं करते, रविवारी सरावाला जाऊन रांगेत उभी राहते. पण बोलत नाही. मंगळवारपासून दाजींचाही फोन लागत नाही.

गावाचं नाव इथं उघड लिहीत नाही. तिकडं तुमचं कुणी असेल तर मला मेसेज करा, पत्ता देते. दार वाजवा. माझी बहीण घरात आहे का, एवढंच बघून या.