संतरामची शिफारस

प्रोफेसर व्यंकटराव उन्हाळ्याच्या सुटीत कुरुंद्याला आले, की गावात भुताखेतांचं नाव काढायची सोय नसे. ते हैदराबादच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. कुणी काही बोललंच, तर "आधी पुरावा आणा," म्हणून ते त्याला गप्प करत.

१९४१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या सकाळी त्यांचा एकुलता एक मुलगा तातेराव बैलगाडीने वसमत स्टेशनला निघाला. संध्याकाळची गाडी पकडायची आणि थेट हैदराबादचं मेडिकल कॉलेज गाठायचं. व्यंकटरावांच्या कॉलेजातून दरसाल एकाच पोराला तिथे जागा मिळे. यंदा ती तातेरावला मिळावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. एका दोस्त प्रोफेसरचं शिफारसपत्र त्याच्या खिशात होतं, वर लाखेची मोहर. रिवाजच तसा होता. पत्र विद्यार्थ्याने स्वतः न्यायचं, उघडायचं मात्र नाही.

दुपारी ऊन रखरखत असताना मंजुळाबाई ओसरीपाशी येऊन उभी राहिली. लोकांची हळद शिजवून शिजवून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. 

"साहेब, संतरामला चिठ्ठी पायजे," ती म्हणाली.

संतराम तिचा मुलगा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. व्यंकटरावांचाच विद्यार्थी, हुशार, आणि हुशारी झाकायचं शहाणपण नसलेला. एकदा भर वर्गात त्याने प्रोफेसरांची फळ्यावरची चूक दाखवली. पोरं हसली. व्यंकटराव तोंडाने "शाबास" म्हणाले आणि मनात डूख धरून बसले. पुढे तो शिफारस मागायला आला, तेव्हा त्यांनी गोड हसून उर्दूत एकच ओळ लिहिली आणि वर मोहर ठोकली. या भाबड्या मायलेकरांनी ते बंद पाकीट देवापुढे ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. संतराम ते छातीशी धरून हैदराबादला गेला. परत आला तो कुणाशी बोललाच नाही. आठव्या दिवशी विहिरीत सापडला. त्याची चिता पेटताना व्यंकटराव स्वतः हजर होते.

"मंजुळाबाई, घरी जा. ऊन लागलंय तुला."

"'इस लड़के पर एतबार न किया जाए,'" ती सावकाश म्हणाली. "असं काहून लिवलं, साहेब?"

या मुलावर विश्वास ठेवू नये. शब्दन् शब्द तोच होता. बाईला साधी अक्षरओळख नव्हती. कुणा कारकुनाने पोराला वाचून दाखवलं असेल, पोराने आईला सांगितलं असेल, असं व्यंकटरावांनी स्वतःला बजावलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. तीन वर्सं गप व्हता. काल बोलला." तिने मागे पाहिलं. "बाहीर ओट्यावर बसून राहिला. आत यीना. साहेबाची फरशी वली व्हईल म्हणतो."

व्यंकटरावांनी मान लांबवली. ओट्यावर कुणी नव्हतं. दगड तव्यासारखा तापला होता. पण मांडी घालून एक माणूस बसेल एवढी जागा ओली होती, आणि वाळत नव्हती.

"खरं लिवा," मंजुळाबाई म्हणाली. "मंग आमी पुन्यांदा येणार न्हाई."

मेलेल्या पोराला चिठ्ठी देऊन कुणाचं काय जातंय, असं म्हणत व्यंकटरावांनी दौत ओढली. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही. पण लिहायला लागले तसा हात थांबेना. असा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही, असं त्यांनी लिहिलं, आणि ते खरं होतं. मग लाख वितळवून मोहर केली.

मंजुळाबाईने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"कुठं नेणार आता हे?"

"टेसनावर. गाडी अजून गेली न्हाई. तो जाईल घिऊन." तिने पदर सारखा केला. "जागा एकच असती ना, साहेब?"

ती गेली. ओट्यापासून वसमतच्या वाटेपर्यंत ओली पावलं उमटली होती.

व्यंकटरावांनी गडी सटवाजीला घोड्यावरून पिटाळलं. तातेरावला परत घेऊन ये, म्हणाले. सटवाजी दिवेलागणीला एकटाच आला.

"गाडी हलली व्हती, मालक. धाकल्या मालकाला खिडकीत पाह्यलं. बाजूला एक जण बसला व्हता. पार भिजलेला."

बाराव्या दिवशी डाक आली.

मेडिकल कॉलेजचा कागद होता. 'आपण शिफारस केलेला विद्यार्थी संतराम वेळेवर हजर झाला. त्यास जागा देण्यात आली आहे. तातेराव नावाचा उमेदवार आला नाही.'

कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पिवळा डाग होता.

व्यंकटराव उठले. धुण्याचा सोडा पाण्यात कालवला. हळद सोड्याने लाल होते, हे त्यांनी वीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. काडीने एक थेंब त्यांनी डागावर सोडला.

डाग लाल झाला.