स्मरेचन्याचा बसथांबा

स्मरेचना गावात सप्टेंबरपासून बस येत नव्हती. म्हणून शुक्रवारी सकाळी थांब्यावर माणूस बसलेला दिसला तेव्हा टपालवाल्या दारिंकाने गाडी थांबवली.

"अहो, कुणाची वाट बघताय?" तिने विचारलं.

माणूस बोलला नाही. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता.

तासाभरात लिपोव्हेकहून इन्स्पेक्टर दुशांका रेबोल पोलिसांच्या डॉक्टरला घेऊन आली. मेलेला माणूस एर्विन कोबाल, वय चौतीस, विभागीय नियोजन कार्यालयातला अधिकारी. भिंतीला टेकून नीट बसलेला. कोटाची बटणं लावलेली, बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. शेजारी नासपतीच्या दारूची रिकामी बाटली. कोटाला दारूचा वास. फोन कुठेच नव्हता.

"प्यायला, बसला, गोठला," शिपाई म्हणाला. "काल उणे चौदा होतं."

डॉक्टरने उजव्या पायाचा बूट काढला आणि दुशांकाला जवळ बोलावलं. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"हाड मोडलंय," तो हळूच म्हणाला.

"हे कुणाला बोलायचं नाही," दुशांका म्हणाली. "शिपायालासुद्धा." तिने बूट परत चढवायला लावला. डॉक्टरला तो चढेना.

एर्विनला गावात कुणी चांगलं म्हणत नव्हतं. गेल्या वर्षी त्याच्या कार्यालयाने लिपोव्हेक शहराचं कार्यक्षेत्र आखलं. पालिकेच्या हद्दी बाजूला ठेवायच्या, माणसं रोज कामाला, शाळेला, औषधाला कुठे जातात ते मोजायचं, आणि जी गावं शहराला जोडलेली निघतील त्यांना शहराची बस, शहराची रुग्णवाहिका द्यायची. स्मरेचना रेषेच्या बाहेर राहिलं. बस बंद झाली. रुग्णवाहिका खिंडीपलीकडच्या ठाण्यातून यायची ठरली.

नोव्हेंबरात आना झुपानच्या छातीत दुखायला लागलं. खिंडीपलीकडून गाडी यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. आना थांबली नाही.

दारूची बाटली तिच्या नवऱ्याची, व्हिक्टर झुपानची होती.

व्हिक्टर लाकूड कापायच्या गिरणीत काम करत होता. दुशांकाला पाहून त्याने करवत बंद केली.

"बाटली तुझी?"

"माझी. दर नाताळाला अख्ख्या गावाला वाटतो."

"त्याला धमकी दिली होतीस?"

"दिली होती. सोमवारी, सगळ्यांसमोर. म्हटलं, तुझ्या नकाशात माझी बायको कुठे पुरलीय ते दाखव."

"तो काय म्हणाला?"

व्हिक्टरने हातावरचा भुसा झटकला. "म्हणाला, मी परत मोजायला आलोय. आकड्यांत काहीतरी खोट आहे, असं म्हणाला. आता परत मोजून काय? आना उठून बसणार होती का?"

"काल चारनंतर कुठे होतास?"

"घरी. एकटाच. लिहून घ्या, एकटाच."

"सुटायचा प्रयत्न तरी कर की रे."

"बाई, मला मारायचाच असता तर हा करवतीचा पट्टा आहे ना समोर. दारू पाजून थांब्यावर कशाला बसवू?"

गावातल्या दहाजणांना विचारलं तर नऊजणांनी व्हिक्टरचंच नाव घेतलं. दहावी तोंचकामावशी. एर्विन तिच्याच घरी खोली घेऊन राहिला होता. थांब्यापासून तिचं घर दोनशे पावलांवर.

"काल जेवायला आलाच नाही हो," ती म्हणाली. "कोबीचं सूप केलं होतं. रात्रभर चुलीवर ठेवलं."

"दिवसभर करायचा काय?"

"सकाळी पाचला रस्त्यावर उभा. कोण खाली शहरात चाललंय, कशाला चाललंय, विचारायचा नि वहीत लिहायचा. गुरुवारी नवी वही घेऊन गेला. जुनी खोलीत आहे, बघा."

जुन्या वहीत सोमवार ते बुधवारची नावं होती. रोज साठ-पासष्ट माणसं खाली जात होती, कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून. बुधवारच्या पानावर एक नाव दुशांकाने दोनदा वाचलं.

"मावशी, बुधवारी तुम्हीही गेला होतात?"

"दारिंकाच्या गाडीतून. रक्तदाब बघायला. दर बुधवारी जाते."

"गावात दवाखाना आहे की."

मावशीने दाराकडे पाहिलं. "सिल्व्हाला सांगू नका हं. तिचं यंत्र जुनं झालंय. आणि फार रागावते ती. सगळेच गुपचूप खाली जातात. पण तिच्या तोंडावर कोण बोलणार? सव्वीस वर्षं झाली तिला इथे."

सिस्टर सिल्व्हा येरमचा दवाखाना लख्ख होता. पायऱ्यांवरचा बर्फ काढलेला. व्हिक्टरच रोज काढून जायचा. तिने दुशांकाला पुदिन्याचा चहा दिला.

"एर्विन कोबाल तुमच्याकडे आला होता?"

"सोमवारी. नोंदवही बघायला. नियमाने दाखवली."

"काल?"

"काल नाही."

"मीही बघू?"

सिल्व्हाने वही पुढे सरकवली. सुंदर, सरळ अक्षर. दुशांका बुधवारच्या पानावर थांबली. एकोणीस रुग्ण. सातवं नाव तोंचका प्लानिन्श, रक्तदाब, सकाळी दहा.

"भरपूर गर्दी असते हो तुमच्याकडे."

"गाव माझ्यावर जगतं, इन्स्पेक्टर."

"व्हिक्टरबद्दल काय वाटतं?"

"बिचारा. आना गेली तेव्हा मीच तिच्या उशाशी होते." सिल्व्हाने डोळे पुसले. "त्याने ठरवून केलं असेल असं नाही म्हणणार मी. दारू पाजली असेल, आणि निघून गेला असेल. अशा पायाने तो पोरगा मावशीच्या घरापर्यंत कसा पोचणार? बसून राहिला."

दुशांकाने चहा संपवला. "छान आहे चहा," ती म्हणाली आणि उठली.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेचा कागद आला. दुशांकाने व्हिक्टरला आणि तोंचकामावशीला दवाखान्यात बोलावलं. सिल्व्हा पांढऱ्या कोटात टेबलामागे बसली होती. शिपाई दारात उभा राहिला.

"आधी बाटलीचं सांगते," दुशांका म्हणाली. "एर्विनच्या पोटात दारूचा थेंब नाही. ती कोटावर ओतलेली. म्हणजे कुणालातरी तो प्यायलेला दिसायला हवा होता, आणि व्हिक्टरने पाजलेला दिसायला हवा होता. व्हिक्टरची बाटली गावात घरोघरी आहे."

व्हिक्टरने मान वर केली.

"मग पाय. त्याचा घोटा मोडला होता. माझ्या डॉक्टरला त्याच्यावर बूट चढवता येईना, आणि प्रेताच्या पायात तो नाड्या बांधून घट्ट होता. पायावर पट्टीचे वळ होते, म्हणजे बूट एकदा काढून परत घातलेला. मोडलेल्या पायाने कुणी असे बूट घालत नाही. आणि जिवंत माणसाला दुसऱ्याने घातले तर तो किंचाळेल. एर्विन किंचाळला नाही, कारण त्याच्या मांडीत सुई टोचली होती. झोपेचं औषध. रक्तात सापडलंय."

तोंचकामावशीने तोंडावर हात ठेवला.

"घोट्याचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. बसलेल्या प्रेताच्या पायात बूट होता, बाहेरून दिसत काहीच नव्हतं. तरी काल कुणीतरी मला म्हणालं, अशा पायाने तो कसा पोचणार."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांना दवाखान्याचा वास मात्र एकदम जाणवला.

"सिस्टर, बुधवारी सकाळी दहाला तोंचकामावशी लिपोव्हेकमध्ये होत्या. तुमच्या वहीत त्या तुमच्यासमोर बसल्यात. तुमच्या एकोणीस रुग्णांतले अकराजण त्या दिवशी खाली गेले होते. दोघं तर गेल्या वर्षी वारले."

"वही भरायला उशीर होतो कधीकधी," सिल्व्हा म्हणाली.

"तीन वर्षांच्या नोंदी अशाच आहेत. तीन वर्षं उशीर? गाव शहराच्या कार्यक्षेत्रात गेलं असतं तर हा दवाखाना बंद होणार होता. माणसं खालीच जातात, मग इथे कशाला? म्हणून तुम्ही वहीत गाव भरून ठेवलंत. कार्यालयाने तुमच्यावर विश्वास ठेवला आणि रेष गावाच्या अलीकडून काढली. एर्विन ती चूक शोधायला आला होता. त्याला सापडली. गुरुवारी तुमच्याकडे यायला निघाला आणि वाटेत बर्फावर पडला असणार. लंगडत तुमच्याच दारात आला."

सिल्व्हाने टेबलावरची नोंदवही मिटली.

"मी पाय बांधला त्याचा," ती म्हणाली. "नीट बांधला. दुखतंय म्हणाला तर सुई दिली. आणि तो काय म्हणतो? सिस्टर, सोमवारी मला हे सगळं कळवावं लागेल. टेबलावर पडून, माझ्याच हाताने पट्टी बांधून घेऊन! शहरात मी कोण होणार? रांगेतली एक नर्स."

"मग?"

"मग अजून एक सुई दिली. पट्टी सोडली, फोन आणि वही काढून घेतली. अंधार पडल्यावर लाकडं आणायच्या घसरगाडीवर घातला. जड नव्हता."

"जागा होता?"

"अर्धवट. कुठे चाललोय म्हणाला. म्हटलं, रुग्णवाहिका थांब्यावर येणार आहे." तिने खांदे उडवले. "थँक यू सिस्टर, म्हणाला."

मावशी रडायला लागली. व्हिक्टर उठला. शिपाई पुढे झाला, पण व्हिक्टर नुसता टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"आनालाही तू तेच सांगत होतीस," तो म्हणाला. "गाडी येतेय, गाडी येतेय. माझा हात धरून."

"येतच होती की."

"कुठून येतेय ते तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि किती वेळ लागणार?"

सिल्व्हाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "मी रडले तिच्यासाठी, व्हिक्टर. खरंच रडले."

शिपायाने तिला कोट काढायला सांगितला. तिने तो काढला, घडी घातली, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली दुशांकाच्या हातात दिली.

दवाखान्याला सील लागलं. आता औषधाला सगळं गाव उघड उघड खाली जाऊ लागलं. महिन्याने नव्या अधिकाऱ्याने पुन्हा मोजणी केली आणि स्मरेचना कार्यक्षेत्रात आलं. सिल्व्हाने जे होऊ नये म्हणून हे सगळं केलं, ते तिच्या अटकेनेच झालं.

पण त्या शनिवारी, मावशी घरी गेल्यावर, व्हिक्टर पोलिसांच्या गाडीपाशी येऊन थांबला.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"लिपोव्हेकची रुग्णवाहिका आली असती, तर किती वेळ लागला असता?"

"पंचवीस मिनिटं."

"आना वाचली असती?"

दुशांकाने सकाळीच आनाचे कागद डॉक्टरला दाखवले होते. उत्तर तिला ठाऊक होतं. काचेआड सिल्व्हा समोर बघत बसली होती. 'नाही' असं खोटं बोलायला दुशांकाला काही कठीण नव्हतं, आणि त्याने ते मानलंही असतं.

"हो," ती म्हणाली. "वाचली असती."

व्हिक्टरने मान डोलावली, टोपी कानांवर ओढली आणि गिरणीकडे चालायला लागला.