कुशीवर व्हा

घोरणं हा आजार असू शकतो, हे आमच्या घरात आमोदनं आणलं. आमोद आमचा मुलगा, हडपसरला राहतो, तिथेच आयटीत नोकरी करतो. एका रविवारी तो जेवायला आला होता. जेवणं झाल्यावर हे नेहमीसारखे आत जाऊन आडवे झाले, आणि आमोद सोफ्यावर मोबाइल बघत बसला. मी समोर गवार निवडत होते. थोड्या वेळानं आमोदनं मोबाइल खाली ठेवला. आतलं घोरणं थांबलं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी शेंगा मोडत राहिले. बऱ्याच वेळानं आतून पाण्याखालून वर आल्यासारखा एक मोठा श्वास ऐकू आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

“आई, हे रोज असं होतं?”

मी म्हटलं, रोज होतं. फारच लांबलं तर मी जाऊन खांद्याला हात लावते, कुशीवर व्हा म्हणते, की सुरू होतं.

मी हवामान खात्यात नोकरी केली. उपकरणं तपासायची, दाबमापक जुळवायचे, चुकीचा आकडा दिसला तर आधी यंत्र बघायचं आणि मग आभाळ. निवृत्त होऊनही ती सवय राहिली आहे. ह्यांच्या श्वासाकडेही मी तसंच बघत आले. आवाज थांबला की जागी व्हायचं, वाट बघायची, हात लावायचा. लग्नानंतर काही वर्षांनी हे सुरू झालं ते संपलंच नाही. सलग झोप म्हणजे काय ते मी विसरले होते. त्याचा त्रास होतो असंही वाटेनासं झालं होतं. माझी थोरली बहीण गेली तेव्हा मला रडू आलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीतल्या बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागली. लोकांना वाटलं, धक्का बसला आहे.

आमोदनं परस्पर टेस्ट ठरवली. एक माणूस येऊन ह्यांच्या छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून गेला, दुसऱ्या दिवशी काढून घेऊन गेला. मग डॉक्टरांकडे बोलावणं आलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, हृदयावर ताण येतो, मशीन लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं काही झालं कसं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटत होतं.

“घरचा अलार्म आहे,” हे माझ्याकडे बोट करून म्हणाले. डॉक्टर हसले. मीही हसले असेन.

मशीनचं दुकान टिळक रस्त्यामागच्या एका गल्लीत होतं, चष्म्याच्या दुकानावर. शेफाली नावाची मुलगी सगळं समजावून सांगायची. तिच्या टेबलावर प्लास्टिकचं एक डोकं होतं, त्याला मास्क चढवलेला. नळीतून हवा येते, त्या दाबानं घसा उघडा राहतो, एवढंच मशीनचं काम. दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात म्हणाली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. ती भाषा माझी होती. मास्कचे प्रकार तिनं दाखवले: नुसत्या नाकपुड्यांत बसणारा, नाक झाकणारा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. ह्यांनी विचारलं, मिशी काढावी लागेल का. ती म्हणाली, नाही सर, थोडी हवा गळेल इतकंच. मग बोला पुढे, असं हे म्हणाले.

एकेक मशीन घरी नेऊन वापरून बघायचं, नाही पटलं तर बदलायचं, पटेल ते घ्यायचं, असं ठरलं. डॉक्टरांची एकच ताकीद होती: दुपारची झोप असली तरी मशीन लावूनच.

पहिलं मशीन सगळ्यांत साधं, एकाच ठरावीक दाबाचं. ह्यांनी नाकावर मास्क चढवला, आरशात बघितलं, “गणपतीच्या आधी आमचीच स्थापना,” असं म्हणाले आणि आडवे झाले. मी दार ओढून घेऊन बाहेर येऊन बसले.

आमची इमारत सदाशिव पेठेत आहे. खाली स्पर्धा परीक्षावाल्या मुलांची अभ्यासिका, त्यामुळे दुपारी जिन्यात चपलांखेरीज आवाज नसतो. त्या दुपारी घरातही नव्हता. मशीनची हवा अगदी बारीक, कुणी दूरवर कागद ओढत असल्यासारखी. मला झोपता आलं असतं. मी पाठ टेकली, डोळे मिटले, आणि घोरणं ऐकू आलं.

मास्क निसटला असेल म्हणून मी आत गेले. हे उताणे, मास्क जागेवर, तोंड मिटलेलं, छाती सावकाश वरखाली होत होती. आवाज माझ्या पाठीमागून येत होता.

पाठीमागे आमोदची खोली. तो हडपसरला गेल्यापासून ती आम्ही कपडे वाळत घालायला आणि इस्त्रीला वापरतो. भिंतीला लागून त्याचा पलंग, त्यावर गुंडाळून ठेवलेली गादी. मी दार उघडलं. आवाज थांबला नाही. पलंगावरून येत होता, उशी जिथे असायची तिथून. मी खिडकी बंद केली. डक्टमधून येतोय का ते बघितलं. भिंतीला कान लावला, मग फरशीला. फरशी गार होती आणि तिच्यात काही नव्हतं. खोलीत बाम आणि खोबरेल तेलाचा वास होता. तो ह्यांच्या उशीला येतो.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे कळत होतं. वाळत घातलेले टॉवेल हातानं सारखे करत मी उभी राहिले.

मग तो आवाज थांबला.

ते थांबणं मला पाठ होतं. आधी घशात अडकल्यासारखा एक कच्चा आवाज, मग काही नाही. मी वाट बघितली. नेहमी बघते तितकी बघितली. मग पुढे होऊन गुंडाळलेल्या गादीवर हात ठेवला आणि म्हटलं, “अहो, कुशीवर व्हा.”

पलंगाची फळी करकरली. एक मोठा श्वास आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं.

हे उठले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. असं कधी झोपलोच नव्हतो, म्हणाले. संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरून आले. आमोदला स्वतः फोन करून सांगितलं, मशीन झकास आहे.

रात्रीही तेच व्हायला लागलं. आधी मी एका हाताच्या अंतरावरून जागी होत होते, आता उठून चालत दुसऱ्या खोलीत जावं लागायचं. इतकाच फरक.

मी दुकानात गेले. शेफालीनं विचारलं, काकू, काय त्रास होतोय सरांना? मी म्हटलं, आवाज राहतो. मशीनचा का? मी हो म्हटलं. तिनं डॉक्टरांना फोन केला आणि दुसरं मशीन दिलं, श्वास बघून दाब आपोआप कमीजास्त करणारं. मास्कही नाक-तोंड झाकणारा दिला.

दुसऱ्या मशीननं ह्यांची तब्येत आणखी सुधारली. गालांवर रंग आला. शब्दकोडं एका बैठकीत सुटायला लागलं. आणि त्या खोलीतला आवाज वाढला, मधलं थांबणंही वाढलं. एकदा हात लावून भागायचं, तिथे दोनदा लावावा लागायला लागला. कधी गादी धरून हलवावी लागे. तिच्यात वजन नव्हतं, पण हलवताना जोर लागायचा.

एका दुपारी आमोद न सांगता आला. मी दार उघडलं. तो चपला काढून आत आला, पाणी प्यायला, आणि स्वतःच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, “बाबा इथे झोपायला लागलेत का? आणि मशीन लावलं नाही वाटतं.”

मी त्याच्या हातातलं भांडं घेतलं. त्याला ऐकू येत होतं. आपल्याला ऐकू येतं ते दुसऱ्यालाही ऐकू आलं की सुटल्यासारखं वाटत असेल, असं मला वाटायचं. तसं काही वाटलं नाही.

तेवढ्यात आमच्या खोलीचं दार उघडून हे बाहेर आले. गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ होते. “तू कधी आलास?” त्यांनी विचारलं.

आमोदनं त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे. आतला आवाज तेव्हा थांबला होता. ह्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. ते पेपर शोधायला लागले. आमोद थोडा वेळ बसला, ऑफिसचं काहीतरी बोलला. निघताना जिन्यात मला म्हणाला, “आई, ती खोली आवरून टाक. गादी देऊन टाक कुणाला तरी.” पुढच्या रविवारी तो आला नाही. कॉल आहे म्हणाला.

गादी मी दिली. अभ्यासिकेतला एक मुलगा घेऊन गेला. आवाज रिकाम्या पलंगावरून येत राहिला.

मी पुन्हा शेफालीकडे गेले. माझ्याकडे बघून तिनं आधी पाणी दिलं आणि विचारलं, काकू, तुमची झोप होते का? मी म्हटलं, तू मशीन दाखव. तिनं पुन्हा डॉक्टरांशी बोलून तिसरं मशीन काढलं. हे महागातलं, जरा मोठं. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी.

“आणि मेन म्हणजे काकू, पेशंटनं ब्रेथ घ्यायचा मिस केला ना, तर हे थांबून राहत नाही. स्वतःच देतं.”

“म्हणजे त्यांना घ्यावा लागत नाही.”

“घेतात ना ते. हे फक्त बॅकअप आहे.”

प्लास्टिकच्या डोक्यावर मास्क बसवून तिनं मशीन सुरू करून दाखवलं. एका तालात हवा आत गेली, बाहेर आली. ते डोकं माझ्याकडे बघून श्वास घेतंय असं वाटत होतं. मी म्हटलं, हे द्या.

घरी आणल्या दिवशीच हे ते लावून दुपारी झोपले. मी आमोदच्या खोलीत जाऊन दाराशी उभी राहिले. बाहेर सायकलवरून भंगारवाला ओरडत गेला. घोरणं सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. उथळ, घाईघाईचं, जिना चढून आलेल्या माणसासारखं. भिंतीपलीकडून मशीनचा ताल ऐकू येत होता. दोन्ही आवाज एकमेकांशी जुळत नव्हते.

मग कच्चा आवाज आला.

मग काही नाही.

मी पलंगापाशी गेले. हात पुढे केला. फळीवर धूळ होती, त्यात माझ्याच बोटांचे जुने ठसे होते. हात तसाच राहिला. मला फक्त बसावंसं वाटत होतं.

मी खाली बसले. पलंगाला पाठ टेकली.

मानेमागे काहीतरी वाट बघत होतं. कुशीवर व्हा, असं मी म्हटलं नाही.

भिंतीपलीकडे हवा आत गेली. बाहेर आली.

मी झोपले.

जाग आली तेव्हा फरशीवर संध्याकाळचं ऊन होतं. अंगावर शाल होती, ह्यांनीच आणून घातलेली. खोलीत कसलाच आवाज नव्हता, कसला वासही नव्हता. मी थोडा वेळ ऐकत राहिले. मग खाली अभ्यासिकेत कुणीतरी खुर्ची सरकवली.

त्यानंतर ती खोली कायमची शांत झाली. मी रात्ररात्र झोपते. सगळे म्हणतात, उल्काताई दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. तिसरं मशीन आम्ही ठेवून घेतलं. शेफालीनं घरी येऊन ह्यांना मास्क धुवायला, पाण्याची टाकी भरायला शिकवलं. डॉक्टर आकडे बघून खूश झाले. एकही श्वास चुकलेला नाही म्हणाले. आमोद पुन्हा यायला लागला आहे. हे उत्तम आहेत. चालतात, बोलतात, चिडतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात. रात्री मास्क लावतात, सकाळी काढतात.

काल संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. मी चहा आणला. ह्यांना तो कडकडीत लागतो आणि बशीतूनच लागतो. बशीत ओतल्यावर वर पातळशी साय धरली. ह्यांनी बशी ओठांजवळ नेली, गाल फुगवून फुंकर मारली. एकदा, दोनदा. साय हलली नाही. मग त्यांनी तो तसाच कडकडीत पिऊन टाकला आणि आज चहा छान झालाय म्हणाले.

मी माझी बशी उचलली आणि हळूच फुंकर मारली. माझी साय सरकत जाऊन कडेला चिकटली.