बरण्यांत बसलेला माणूस

काळा पडदा वर गुंडाळलेला, दार सताड उघडं, आणि उंबऱ्यात एक अनोळखी तरुण बसलेला… बाजारातून परतलेली उयेन धावतच दाराशी आली.

दालात गावाच्या टेकडीवर, बाबांच्या शेवंतीमागची ही खोली तिनं हट्टानं मागून घेतली होती. बिनसडीचा तांदूळ आणि रेशीमकिड्यांची भुकटी बरण्यांत वाफवून त्यावर तिनं कॉर्डिसेप्स ही औषधी बुरशी लावली होती. बुरशी पांढरी पसरेपर्यंत मिट्ट काळोख हवा, उजेड मग. पीक फसलं तर खोलीत शेवंतीची रोपं येतील आणि तू सायगावला मावशीच्या दुकानात जाशील, असं बाबांनी बजावलं होतं.

"पडदा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. बाहेर भुरभुर होती, म्हणून वर करून बसलो. मग लख्ख ऊन पडलं." तो ओशाळून उठला. बाओलॉक गावाहून रेशीमकिडे पोचवायला आलेला हा तोआन सकाळभर तिचीच वाट पाहत होता.

"किडे द्यायला आलात, की माझं पीक खायला?"

त्यावरही तिनं त्याला बरंच सुनावलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि चार दिवसांनी, न बोलावता, पुन्हा आला. दोघं पडद्याआड गेली. उयेननं बॅटरी लावून भिंतीवर फिरवली…

भिंतभरच्या बरण्या उजेड लागून पिवळ्या पडल्या होत्या. मधोमध मात्र एक माणूस बसला होता, पांढराशुभ्र. डोकं, खांदे, वाट बघून कललेली मान.

"हा… मी?"

"दुसरं कोण? कान बघा. त्या दिवशी तुमचीच सावली पडली होती इथे."

ती चिडणार होती, पण बॅटरी तिनं त्या आकारावरच धरून ठेवली. ना डोळे, ना मन, अशा त्या बुरशीनं याला सकाळभर न्याहाळलं होतं. आणि उयेननं? तिनं आज पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता.

मग बुरशी पुरती पसरली आणि खोलीत दिवे लागले. तोआन काही ना काही निमित्त काढून यायचा, गरम सोयाबीनचं दूध घेऊन. पिवळ्या बरण्यांत कोंब विरळच फुटले, पण त्याच्या सावलीतल्या बरण्यांत केशरी काड्यांचं रान माजलं. बाबा बराच वेळ दारात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी या खोलीसाठी राखलेली शेवंतीची रोपं त्यांनी गोठ्याशेजारी लावली.

कापणीला दोघंच होती. बरणीगणिक तो माणूस पुसट होत चालला. खांदे गेले, मान गेली. उयेनची कात्री थांबली.

"ही एक राहू दे."

"का?"

"तू… दिसेनासा होतोस."

तोआननं आपली कात्री खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "मी कुठे जात नाही, उयेन. पुढच्या खेपेपासून किडे धाकटा भाऊ आणेल. मी इथेच राहीन… तू म्हणालीस तर."

"राहा," ती म्हणाली, आणि शेवटची बरणी तिनं स्वतःच कापली.